मुलांमध्ये डिजिटल नागरिकत्व कसे घडते, याचा अभ्यास कसा करावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : सातारा जिल्ह्यातील चार माध्यमिक शाळांमधील आठवी ते दहावीच्या सुमारे चारशे विद्यार्थ्यांना चाळीस विधानांची अभिवृत्ती मापिका (मुलांचा कल मोजणारी सहमत-असहमत प्रश्नावली) द्यायची, आलेल्या गुणांवरून ‘किशोरवयीनांमधील डिजिटल नागरिकत्वाचा विकास’ (म्हणजे इंटरनेटवर हक्क आणि जबाबदारी ओळखून वावरणे मुलांमध्ये कसे घडते) या विषयावर पीएच.डी.चा प्रबंध लिहायचा, तर या आराखड्यात कोणत्या उणिवा राहतील? ग्रामीण शाळांमधील मुले आणि मोबाइल या विषयावर मी बरीच वर्षे काम करत आले आहे आणि सुरुवातीला नेमका असाच आराखडा मीही केला होता. त्यामुळे सर्वांत मोठी अडचण आधीच सांगते. आपल्या शीर्षकात ‘विकास’ हा शब्द आहे. पण आपले साधन एका दिवशी, एका तासिकेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलाने काय म्हणणे योग्य मानले, एवढेच नोंदवणार आहे. मूल कसे बदलत गेले, हे त्यातून कळणार नाही. आणि ते प्रत्यक्षात काय करते, हेही फारसे कळणार नाही.

एक प्रसंग सांगते. नववीच्या एका वर्गात मी दिलेल्या मापिकेत विधान होते, ‘दुसऱ्याचे छायाचित्र त्याला विचारल्याशिवाय कोणालाही पाठवू नये.’ एखाददुसरा विद्यार्थी सोडला तर सगळ्या वर्गाने ‘पूर्णपणे सहमत’वर खूण केली. दुसऱ्या दिवशी त्याच वर्गातील एका मुलाच्या घरी गेले असताना त्याने मोठ्या उत्साहाने वर्गातल्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडून दाखवला. त्यात त्यांच्या विज्ञानाच्या सरांचा जांभई देतानाचा चेहरा कापून केलेले स्टिकर होते, आणि दिवसभरात ते कितीतरी वेळा फिरले होते. ‘सरांना विचारलं होतं का?’ असे मी विचारले, तेव्हा त्याने अगदी निरागसपणे उत्तर दिले, ‘मॅडम, तो फोटो नाही, स्टिकर आहे.’

हा मुलगा खोटे बोलत नव्हता आणि दुटप्पीही नव्हता. माझ्या विधानातील ‘छायाचित्र’ या शब्दाच्या हद्दीत त्याच्या लेखी स्टिकर येतच नव्हते. माझ्या मापिकेची विश्वसनीयता उत्तम होती, विश्वसनीयता दाखवणाऱ्या अल्फा या आकड्याचे मूल्य मार्गदर्शकांनी वाखाणले होते. पण ती जे मोजत होती, ते मला मोजायचे नव्हते. आपल्याकडील प्रबंधांमध्ये विश्वसनीयतेच्या कोष्टकाला चार पाने मिळतात आणि सप्रमाणतेला, म्हणजे जे मोजायचे तेच मोजले जाते का याला, ‘तज्ज्ञांचे मत घेतले’ एवढे एक वाक्य मिळते. या विषयात तरी हे प्रमाण उलटे हवे.

म्हणून पथदर्शी अभ्यासात, म्हणजे मुख्य पाहणीआधीच्या छोट्या चाचणीत, केवळ आकडेमोड करू नये. दहा-बारा मुलांना एकेकट्याला बसवून प्रत्येक विधान त्यांच्याकडून त्यांच्या शब्दांत वदवून घ्यावे. ‘डिजिटल नागरिकत्व’ म्हणजे काय, असे विचारले की मुले आधार कार्ड, ऑनलाइन दाखले आणि मतदान सांगतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. मराठीत नागरिकत्व हा शब्द कायदेशीर दर्जाचा आहे आणि शाळेत तो नागरिकशास्त्राच्या धड्यात भेटतो. ‘खासगी’ म्हटले की शाळा किंवा दवाखाना आठवतो; खात्याबद्दल बोलताना मुले ‘प्रायव्हेट’ म्हणतात. ‘परवानगी’ म्हणजे ॲप सुरू करताना येणारे ‘अलाऊ’. संमतीसाठी त्यांचा स्वतःचा, नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘विचारून’. मापिकेची भाषा शासकीय परिपत्रकाची आणि उत्तर देणाऱ्याची भाषा ग्रुपवरची, असे असेल तर आपण मराठी शब्दसंग्रहाची चाचणी घेत असतो.

आता संकल्पनेकडे वळू. अमेरिकेतील लिसा जोन्स आणि किंबर्ली मिचेल यांनी २०१६मध्ये ११ ते १७ वयोगटातील ९७९ मुलांच्या पाहणीवरून डिजिटल नागरिकत्वाचे दोन वेगळे घटक दाखवले : ऑनलाइन वागण्यातील आदर आणि ऑनलाइन नागरी सहभाग. हे दोन घटक वेगळे ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण आपल्या शाळांमध्ये या विषयाचे रूपांतर पाहता पाहता ‘सायबर सुरक्षा आणि शिस्त’ यात होते, आणि सहभाग मागच्या दाराने बाहेर जातो. आपल्या चाळीस विधानांपैकी एकतीस विधाने ‘करू नये’ या प्रकारची आहेत, मी मोजली. जो मुलगा कधीच काही लिहीत नाही, कशालाच लाइक करत नाही, काहीच विचारत नाही, त्याला या मापिकेत जवळजवळ पूर्ण गुण मिळतील. त्याला आपण उत्तम नागरिक म्हणणार आहोत का?

हा प्रश्न महाराष्ट्रात तात्त्विक राहिलेला नाही. नोव्हेंबर २०१२मध्ये पालघर येथे दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली. एकीने मुंबईतील बंदबद्दल लिहिले होते आणि दुसरीने ते लाइक केले होते. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ त्यांना लावण्यात आले होते, आणि याच कलमाच्या विरोधातील श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले. दुसऱ्या टोकाला १ जुलै २०१८चे धुळे जिल्ह्यातील राईनपाडा आहे. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरलेली असताना नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणण्याचे जाहीर केले. पहिल्या घटनेत बोलण्याचा हक्क आहे, दुसरीत पुढे पाठवण्याआधी थांबण्याची जबाबदारी आहे. केवळ दुसरी बाजू मोजणाऱ्या साधनाला मुलांच्या सायबर शिस्तीची मापिका म्हणावे. त्यात काही कमीपणा नाही, पण नाव तेच द्यावे.

यानंतरचा मुद्दा फोनच्या मालकीचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परदेशी मापिका मुळात असे गृहीत धरतात की, एक मूल म्हणजे एक उपकरण आणि एक खाते. ग्रामीण भारतातील मुलांच्या शिक्षणाच्या ‘असर’ २०२४ पाहणीनुसार १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. मात्र वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेल्या मुलग्यांचे प्रमाण सुमारे ३६ टक्के आणि मुलींचे सुमारे २७ टक्के आहे. म्हणजे बहुसंख्य मुले आईचा, वडिलांचा किंवा दादाचा फोन वापरतात, तोही ठरावीक वेळी, बहुधा कोणीतरी शेजारी बसलेले असताना. अशा मुलीला ‘मी माझा पासवर्ड कोणालाही सांगत नाही’ हे विधान देऊन काय मिळणार? फोन उघडण्याचा पॅटर्न आईचा आहे, तो घरातल्या चौघांना पाठ आहे, आणि इन्स्टाग्रामचे खाते दादाच्या नावाने आहे, कारण मुलीचे नाव दिसले तर गावात चर्चा होते.

माझ्या ओळखीतील दहावीची एक मुलगी फोन आईला परत देण्याआधी न चुकता सर्च हिस्टरी आणि मैत्रिणींबरोबरचे चॅट पुसत असे. माझ्या सहायकाने मुलाखतीच्या संकेतनात, म्हणजे नोंदींतील वर्तनांना नावे देऊन वर्गवारी करताना, या वर्तनाला ‘लपवाछपवी’ असे नाव दिले होते. मुलीचे म्हणणे ऐकल्यावर कळले की, त्यात एका मैत्रिणीने तिच्या घरातील भांडणाबद्दल लिहिलेले असे आणि ते आईच्या, म्हणजे पर्यायाने वाड्यातल्या सगळ्या बायकांच्या, कानावर जाऊ नये म्हणून ही काळजी होती. दुसऱ्याची गोष्ट जपण्याचे याहून चांगले उदाहरण माझ्या साऱ्या नोंदींमध्ये नव्हते. आम्ही ते संकेतनाम बदलले आणि मग जुन्या सर्व मुलाखती पुन्हा वाचाव्या लागल्या. यासाठी पहिल्याच पानावर कुटुंबाच्या फोनची माहिती घ्या : फोन कोणाचा, मुलाच्या हाती केव्हा व किती वेळ, रिचार्ज कोण करते, खाते कोणाच्या नावाने, फोन परत घेतल्यावर कोण काय तपासते. ही पाच उत्तरे हाती नसतील तर पुढच्या चाळीस उत्तरांचा अर्थ लावता येत नाही. मुलगे आणि मुली यांच्या सरासरीतील फरक मांडून त्याला ‘लिंगभेदानुसार अभिवृत्तीतील फरक’ म्हणण्यापूर्वी तर ही माहिती हवीच, कारण तो फरक पुष्कळदा अभिवृत्तीचा नसून फोन हातात असण्याच्या वेळेचा असतो.

प्रत्यक्ष वर्तन पाहायचे तर मुलांना काहीतरी करायला द्यावे लागते. या बाबतीत स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सहकाऱ्यांचे काम अवश्य पाहा. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अमेरिकेतील ३,४४६ माध्यमिक विद्यार्थ्यांना चालू इंटरनेटवर कृती करायला दिल्या होत्या. अमेरिकेतील मतदानात गैरप्रकार झाल्याचा दावा करणारी एक अस्पष्ट चित्रफीत निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना भक्कम पुरावा वाटली. ती मुळात रशियातील होती, आणि तिचा उगम शोधून काढणारे विद्यार्थी साऱ्या नमुन्यात तीनच निघाले. याच मुलांना ‘माहितीची खातरजमा करावी का?’ असे विचारले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते, हे आपण दोघेही जाणतो.

आपल्या जिल्ह्यासाठी अशी कृती परदेशातून आणण्याची गरज नाही. पावसाळ्यात जोराचा पाऊस झाला की ‘उद्या सर्व शाळांना सुट्टी’ असा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश रात्री ग्रुपवर येतो. पुष्कळदा तो आदेश खराच असतो, पण गेल्या वर्षीचा किंवा शेजारच्या जिल्ह्याचा असतो आणि वरची तारीख कापलेली असते. मी हीच कृती वापरते. मुलाच्या हाती चालू नेट असलेला फोन देते, त्यावर असा जुना आदेश दाखवते आणि एवढेच विचारते, ‘हा आता तुझ्या ग्रुपवर आला. पुढे काय करशील ते करून दाखव.’ कोणी तत्काळ पुढे पाठवू पाहते. कोणी जावक क्रमांक शोधते. कोणी वर्गशिक्षकांना फोन लावू का, असे विचारते, आणि माझ्या मते गावाच्या संदर्भात हा खातरजमेचा अत्यंत समंजस मार्ग आहे. गुगलवर शोधणे म्हणजेच चिकित्सा, असे मानणाऱ्या गुणांकन-पत्रिकेत त्याला शून्य मिळते. एका मुलीने आदेश न वाचताच सांगितले, ‘हा ज्याने टाकलाय त्याचे मागचे दोन पण खोटे होते.’ पाठवणाऱ्याची पत लक्षात ठेवणे हेही कौशल्यच आहे. काळजी एकच घ्यावी : फोन आपला असावा, त्यावरून संदेश बाहेर जाणार नाही अशी सोय असावी, आणि शेवटी तो आदेश जुना होता हे मुलाला सांगूनच उठावे. नाहीतर संशोधकच अफवेचे उगमस्थान ठरायचा.

आता ‘विकास’. आठवी, नववी आणि दहावीच्या मुलांना एकाच महिन्यात तपासून त्यांच्यातील फरकाला वाढ म्हणता येत नाही. २०२५-२६मध्ये दहावीत असलेली मुले २०२०-२१च्या शाळाबंदीत पाचवीत होती आणि आठवीतली मुले तिसरीत. पहिल्या गटाला लिहिता-वाचता येत असताना वर्गाचा ग्रुप मिळाला. दुसऱ्या गटाला अक्षरे वळणाला लागत असतानाच फोनवरच्या चित्रफिती मिळाल्या. त्यांच्यात आज दिसणारा फरक वयाचा आहे की त्या दोन वर्षांचा, हे एकवेळच्या पाहणीतून वेगळे काढता येत नाही.

यावर पीएच.डी.च्या मुदतीत बसणारा मार्ग असा. चारशेंची मापिका ठेवायची असेल तर ठेवा, पण ती केवळ पार्श्वभूमी म्हणून. तिच्यातून पंचवीस-तीस मुले निवडा आणि त्यांना दीड वर्षात चार वेळा भेटा. निवड करताना दहावीतील मुले जास्त घ्या, कारण आपल्याकडे दहावीचा निकाल आणि अकरावीचा प्रवेश या काळात पुष्कळ मुलांच्या हाती पहिल्यांदा स्वतःचा फोन येतो, बस पासाबरोबर. आजवर दादाच्या नावाखाली वावरलेले मूल स्वतःच्या नावाने खाते काढते, कोणाला जोडायचे आणि कोणाला नाही हे ठरवते, गावाच्या ग्रुपवर पहिल्यांदा स्वतःचे मत मांडते किंवा मुद्दाम मांडत नाही. ही संधी मी पहिल्या अभ्यासात गमावली, कारण माझी मुदत दहावीच्या परीक्षेबरोबर संपत होती. काही मुलांचे नंबर बदलतील, काही मुली शिक्षण सोडतील किंवा मामाच्या गावी जातील. म्हणून संपर्क फोन नंबरवर न ठेवता घराच्या पत्त्यावर ठेवा, आणि कोण गळले, का गळले, याची नोंद स्वतंत्र ठेवा. हा तपशील प्रबंधाच्या परिशिष्टात न टाकता निष्कर्षांच्या प्रकरणात घ्यावा, असे माझे मत आहे.

वाढीचा आलेख सरळ वर जाईल, अशी अपेक्षाही ठेवू नये. युरोपातील २५ देशांत २०१०मध्ये झालेल्या ‘ईयू किड्स ऑनलाइन’ पाहणीने ९ ते १६ वयाच्या पंचवीस हजारांहून अधिक मुलांशी बोलून दाखवले की, ज्यांची डिजिटल कौशल्ये जास्त, त्यांना संधीही जास्त मिळतात आणि धोकेही जास्त भेटतात. आपल्या आकडेवारीत कौशल्य आणि त्रासदायक अनुभव यांचा सहसंबंध धन आला, म्हणजे दोन्ही बरोबरीने वाढताना दिसले, तर दचकू नका आणि तो ‘अनपेक्षित’ म्हणून बाजूला सारू नका. त्याच पाहणीतली एक पद्धत उचलण्यासारखी आहे : नाजूक प्रश्नांची उत्तरे मुलांनी स्वतः भरली, मुलाखतकाराला तोंडी सांगितली नाहीत. आपल्याकडे यात आणखी एक भर घालावी लागते, ती म्हणजे वर्गशिक्षकांना नम्रपणे वर्गाबाहेर चहाला पाठवणे.

संमतीबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे, कारण मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र म्हणजे संमती, असा समज अजून आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. संशोधनासाठी सवलत आहे. पण ठरावीक मानके पाळण्याची आणि त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबाबत कोणताही निर्णय न घेण्याची अट तिच्यासोबत आहे. म्हणून कोणत्या मुलाला कमी गुण पडले, हे शाळेला कळवायचे नाही. मुख्याध्यापक ते नक्की मागतील. पालकांच्या सहीनंतर मुलाची स्वतःची तयारी वेगळी विचारावी, आणि त्याला मधूनच ‘नको’ म्हणता यावे. वर्गाचा ग्रुप वाचण्याचा मोह टाळा. एका मुलाने दाखवला म्हणून त्यातील बाकीच्या चाळीस जणांची संमती मिळत नाही. सरांच्या स्टिकरची गोष्ट मी इथे सांगितली ती तपशील बदलून, आणि त्या ग्रुपमधील एकही संदेश मी माहिती म्हणून वापरला नाही.

बोलता बोलता एखादे मूल लैंगिक छळ किंवा फोटोवरून मिळणाऱ्या धमकीबद्दल सांगेल, ही शक्यता धरूनच चाला. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती कळलेल्या प्रत्येक व्यक्तीवर पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, संशोधकही त्यातून सुटत नाही. त्यामुळे ‘तू सांगशील ते कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मुलांना कधीही देऊ नका; कोणती गोष्ट सांगावी लागेल, हे आधीच सोप्या शब्दांत सांगा. १०९८ ही बालकांसाठीची आणि १९३० ही सायबर आर्थिक फसवणुकीसाठीची मदतवाहिनी, दोन्ही क्रमांक प्रत्येक मुलाला लिहून द्या.

आपण विचारलेला शेवटचा उपप्रश्न सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथील भोंग्याबद्दल आहे. तिथे २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसतात. हे गाव तुलनेसाठी घ्यावे का? घ्यावे, पण ‘मोबाइल कमी वापरला म्हणून नागरिकत्व वाढले का’ या प्रश्नासाठी नको. त्यापेक्षा तो निर्णय ग्रामसभेत कसा झाला, मुलांना त्या वेळी कोणी काही विचारले का, आणि मोठ्यांचे फोन त्या दीड तासात खरोखर बंद असतात का, याबद्दल तिथली मुले काय म्हणतात ते ऐका. नियम कसे ठरतात आणि कोणाला लागू होतात, याबद्दलची मुलांची समज त्यातून कळेल.

कामाची सुरुवात निवडलेल्या चार शाळांबाहेरच्या पाचव्या शाळेत करा आणि चाळीस विधानांपैकी जी मुलांना स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाहीत ती गाळा. माझ्या अंदाजाने पंधराच्या आसपास उरतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीच्या मुलांकडे जाऊ नका, ती उत्तरे उरकतात. पहिली फेरी जुलैत घेता आली तर पाहा. शाळा रुळलेल्या असतात, आणि सुट्टीचे जुने आदेश पुन्हा फिरू लागलेले असतात.